दूधवालं गाणं

नव्वदच्या दशकातलं सगळ्यात भारी पॉप गाणं कोणतं, हा प्रश्न गेल्या दिवाळीनंतर धुळे-जळगावच्या साठ-सत्तर माणसांना एकाएकी छळायला लागला. यातली बहुतेक माणसं पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहेत. कोणाचे गुडघे गेलेत, कोणाच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे, एकाचं पित्ताशय मागच्याच महिन्यात काढलं. पण सकाळी तोंड धुवायच्या आधी ही मंडळी मोबाइलवरच्या ग्रुपात भांडायला बसतात, ती अमुक गाणं सातवं की नववं यावर. पित्ताशयवाल्यानं तर दवाखान्यातून मत नोंदवलं. नंतर शुद्धीवर आल्यावर ते बदललंही.

ग्रुप काढला शेठनं. शेठचं धुळ्यात कापडाचं दुकान आहे. त्याचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतो, आणि गाण्यांचे नंबरसुद्धा साडीसारखी घासाघीस करून लावतो. "चौथा नको, पाचवाबी नको, साडेचार धरू, दोन्ही पार्टींचं मन राहील," असं त्यानं एकदा खरोखर लिहिलं, आणि तिघांनी त्याखाली लगेच अंगठे टाकले.

दुसरे आमचे सर. मूळचे साक्रीचे. तेव्हा धुळ्यात नवे लेक्चरर होते, पुढे जळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले. सरांनी गुणांचा तक्ता केला. शब्दांना दहा, चालीला दहा, आवाजाला दहा आणि कालातीततेला वीस. कालातीतता वीसपैकी किती, हे सर एका दमात सांगतात. पदार्थविज्ञानात ती मोजायची काहीतरी सोय असणार. सिनेमातलं गाणं चालणार नाही, भक्तिगीत चालणार नाही, वरातीत वाजलेलं चालेल पण फक्त वरातीतच वाजलेलं चालणार नाही, असे नियम ठरवण्यात आठवडा गेला. आमच्या गल्लीतली गटार गेल्या वर्षीपासून तुंबलेली आहे, तिच्यासाठी ही माणसं एक अर्ज लिहीत नाहीत.

मला त्यांनी सल्लागार नेमलं. कारण नव्वदच्या दशकात धुळ्यात माझं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. आता मी जळगावात मोबाइलची कव्हरं आणि काचा विकतो, पण तेव्हा निम्मा जिल्हा गाणी भरून घ्यायला माझ्याकडे यायचा. कोऱ्या कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायची, मी ती माझ्याकडच्या मूळ कॅसेटवरून कोऱ्या कॅसेटमध्ये उतरवून द्यायचो. त्याला कायद्यात काय म्हणतात ते मला तेव्हाही ठाऊक होतं. पण पोलीस लाइनीतूनही चिठ्ठ्या यायच्या, त्यामुळे मन शांत असायचं.

त्या चिठ्ठ्यांमुळे मला या दर्दी लोकांची कुंडली पाठ आहे. 'मी त्या वयातही फक्त गंभीर आशयाचं संगीत ऐकत असे,' असं सर आज ग्रुपात लिहितात. हेच सर चिठ्ठीच्या चार घड्या करून, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून ती काउंटरवर सरकवायचे. चिठ्ठीत काय असायचं ते मी सांगणार नाही, धंद्याचं इमान म्हणून काही असतं. एवढंच सांगतो की त्यात आशय फारसा नव्हता, पैंजण बरेच होते.

आणखी एक गुपित. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. गिऱ्हाईकाची गाणी भरून झाली की शेवटी तीन-चार मिनिटं उरायची. कोरी सोडली तर गिऱ्हाईक म्हणणार, फसवलं. म्हणून त्या जागी मी माझ्या मनानं एखादं गाणं घालायचो, जे हाताशी असेल ते. आज ग्रुपात 'आमच्या तारुण्याचा श्वास' म्हणून ज्यांच्यावर परिच्छेद लिहिले जातात, त्यातली निम्मी गाणी कोणी मागितलीच नव्हती. धुळे जिल्ह्याची अभिरुची म्हणजे माझ्या उरलेल्या टेपची विल्हेवाट होती. हे मी ग्रुपात बोललो नाही. कोणाच्या श्वासावर पाय द्यायला मला आवडत नाही.

तर असल्या मंडळींत मी सल्लागार म्हणून कशाला बसलो? मला एक कॅसेट हवी होती. यांच्यातल्या कोणाच्या तरी माळ्यावर, पेटीत, जुन्या स्कूटरच्या डिकीत ती असणार याची मला खात्री होती. आणि ती उघडपणे मागायची माझी छाती होत नव्हती. का, ते सांगतो.

धुळ्यात केबल नवी-नवी आली होती. पॉप गाणी आधी टीव्हीवर दिसायची आणि त्यांची कॅसेट मुंबईहून आमच्याकडे यायला तीन-तीन आठवडे लागायचे. तोवर गिऱ्हाईक थांबतं होय? म्हणून मी एक उपाय काढला होता. दुपारी घरी टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवायचा, भोवती गोधडीची भिंत करायची, आणि गाणं लागलं की लाल बटण दाबून ते हवेतूनच भरून घ्यायचं. लाल बटण खाली असेपर्यंत घरात कोणी शिंकायचंसुद्धा नाही असा कायदा होता. आमचं घर दोन खोल्यांचं आणि त्यात माझी माय. ती भांड्यांशी बोलायची, तुळशीशी बोलायची, भाजीत मीठ टाकताना मिठाशी बोलायची. तिला चार मिनिटं गप्प ठेवणं म्हणजे नळाला बोट लावून बसण्यासारखं होतं.

त्या दिवशी एक नवं गाणं लागणार होतं. वाळवंटात लाल स्कूटरवर एक मुलगी, मागे पाच-सहा पोरं विनाकारण उड्या मारतायत, असलं काहीतरी. आठवडाभर अख्खं गाव त्याच्यामागे लागलेलं. त्याच दुपारी नळ आले. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी यायचे, त्यामुळे माय हंडे घेऊन गल्लीत पळाली आणि जाताना मला सांगून गेली, गॅसवर दूध आहे, बघ. मी हो म्हणालो. मी तेव्हा कशालाही हो म्हणायचो.

गाणं लागलं, मी लाल बटण दाबलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मग तालवाद्यं थांबतात आणि दोन-तीन सेकंद सगळं शांत होतं, अशी त्या गाण्यात एक जागा आहे. नेमकी त्या जागेला माय कडेवर हंडा घेऊन दारात आली, तिला गॅसवरचं पातेलं दिसलं, आणि ती टीव्हीच्या वर आवाज काढून ओरडली, "अरे भाऊ, बठ्ठं दूध उतू गयं! आते पी तुनं गानं!"

सगळं दूध उतू गेलं, आता पी तुझं गाणं. इतकं तालात की पुढच्या ठोक्याला वाद्यं परत सुरू झाली. मी उठून तिला आत घेऊन गेलो आणि बाहेर गाणं संपलं.

दुसऱ्यांदा भरायला वेळ नव्हता. दुकानासमोर माणसं उभी होती. मी म्हटलं, आज हेच देऊ, खरी कॅसेट आली की बदलून देऊ. त्या आठवड्यात मायचं दूध साक्रीला गेलं, पिंपळनेरला गेलं, शिंदखेड्याच्या बाजारात तर पानटपरीवर वाजलं. तीन आठवड्यांनी खरी कॅसेट आली. स्वच्छ, खणखणीत, दूध नाही. मी इमानदारीनं ती भरून द्यायला लागलो, तर पहिलंच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन परत. म्हणे, "भाऊ, हाई नको. दूधवालं दे."

दुसरा आला, तिसरा आला. एक जण तर चिडून म्हणाला की अर्धवट गाणं भरून लोकांना फसवता का? ते माझ्या घरचं दूध आहे असं सांगावं तर अब्रू जाणार. टीव्हीसमोर स्टूल ठेवून भरतो हे गिऱ्हाईकाला कळलं तर उद्या तोच स्टूल घेऊन बसेल. तेव्हा मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "ते कंपनीनं खास खान्देशासाठी काढलेलं आहे. हे बाकीच्या महाराष्ट्राचं." उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या वाक्यानं काय केलं म्हणता! माणसं छाती पुढे काढून दुकानातून जायला लागली. मुंबईच्या कंपनीनं आपली दखल घेतली. नाशिकला नाही, पुण्याला नाही, आपल्याला.

पुढची दोन-तीन वर्षं हळदीत, वरातीत, गणपतीत ते गाणं वाजलं आणि त्या जागेवर आलं की बायका-पोरं, आजोबा, बँडवाले, सगळे एका सुरात ओरडायचे. साक्रीचा एक मुलगा इंजिनीअरिंगला पुण्याला गेला. तिथं हॉस्टेलच्या कार्यक्रमात ते गाणं लागलं, ती जागा आली आणि हा एकटाच हात वर करून ओरडला, 'बठ्ठं दूध उतू गयं!' बाकी सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो आज आमच्या ग्रुपात आहे. त्या दिवसापासून पुण्याची माणसं आपल्यावर जळतात असं त्याचं ठाम मत आहे.

यंदा या गाण्याच्या नंबरावरून ग्रुपात महाभारत झालं. दूधवालं आणि बिनदुधाचं ही दोन गाणी धरायची की एक? शेठ म्हणाला, दीड धरा. सरांनी तर रीतसर लेख टाकला. त्यात त्यांनी लिहिलं की ती ओळ म्हणजे पाश्चात्य तालात लोकभाषेचा केलेला धाडसी प्रयोग आहे, उतू जाणारं दूध हे बाजारात वाहून जाणाऱ्या ग्रामीण समृद्धीचं प्रतीक आहे, आणि 'पी तुझं गाणं' हा तर उपभोगवादाला मारलेला सणसणीत टोला. कालातीतता वीसपैकी वीस. मी तो लेख दुकानात काउंटरवर उभं राहून वाचला आणि हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग हसू थांबलं, पाणी काही थांबेना. गिऱ्हाईक म्हणालं, काका, काच नंतर बसवा.

माय जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा फोटो आहे, चष्मा आहे, तिनं शिवलेल्या दोन गोधड्या आहेत. तिचा आवाज नाही. आणि याला दुसरं कोणी नाही, मीच जबाबदार आहे. अकरा वर्षं मी तिला शिकवलं, की लाल बटण दिसलं की तोंड बंद. ती शिकली. पुढे माझ्या मुलीच्या बारशाला कॅमेरावाला आला, त्याच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा होता. अख्ख्या कॅसेटभर माय तोंडाला पदर लावून उभी. मोबाइल आले, मी तो तिच्यासमोर धरला की ती हळूच विचारायची, "चालू शे का?" मी 'हो, बोल' म्हटलं की ओठ घट्ट मिटून, बोट ओठावर ठेवून बसायची. डोळे हसताहेत, तोंड बंद. माझ्याकडे तिचे सात व्हिडिओ आहेत. सातही मुके. सगळे 'चालू शे का'च्या नंतर सुरू होतात, कारण मी बटण दाबायला नेहमी उशीर करायचो.

गावाचे आवाज भरून भरून ज्याचे हात झिजले, त्याच्या घरात स्वतःच्या आईचा आवाज नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुकानातली मूळ कॅसेट तरी जपायची. पण सीडी आल्या, धंदा बसला, आणि मी सगळ्या कॅसेटी पोत्यांत भरून माझ्या बहिणीला, अक्काला, शिंदखेड्याला देऊन टाकल्या. तिच्या शेतात बाजरी होती. टेपची पट्टी काढून खुंट्यांना ताणून बांधली की ती उन्हात चमकते, वाऱ्यात घुमते आणि पाखरं कणसांवर बसत नाहीत. अक्का त्या वर्षी फार खूश होती. म्हणाली, "भाऊ, तुनी पट्टी झकास शे. एक चिडी बी फिरकत नही." माय तेव्हा हिंडती-फिरती होती, घरभर बोलत होती, त्यामुळे त्या पट्टीत काय आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पुढे आलं, तेव्हा अक्काच्या शेतात कापूस होता.

म्हणजे आता उरलं गिऱ्हाईक. पण ग्रुपात 'दूधवाली कॅसेट कोणाकडे आहे का' असं विचारलं की पुढचा प्रश्न येणार, तुम्हाला कशाला हवी? कंपनी खास खान्देशासाठी काढते तर इंटरनेटवर का नाही? साठ-सत्तर माणसांचा तीस वर्षांचा अभिमान मी एका ओळीत उतू घालवणार होतो. शिवाय मला सरांच्या लेखाचंही वाईट वाटत होतं. वीसपैकी वीस दिले होते हो त्यांनी.

म्हणून मी सल्लागार म्हणून एक सल्ला दिला. पहिला आणि शेवटचा. निकाल असा मोबाइलवर जाहीर करू नका, भरीत पार्टी करा आणि प्रत्येकानं घरात शोधून जुन्या कॅसेटी घेऊन या. भरिताचं नाव काढल्यावर खान्देशात विरोधी पक्ष उरत नाही. शेठच्या मेव्हण्याचा धुळ्याजवळ मळा आहे, तिथं रविवारी सकाळी जमायचं ठरलं.

डिसेंबरचं ऊन पडलेलं. एकीकडे कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली जातायत, दुसरीकडे बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतायत, आणि कडुलिंबाखाली सतरंजीवर कॅसेटींचा ढीग. मी तो ढीग गुडघ्यावर बसून उपसला. काय नव्हतं त्यात! बुरशी लागलेल्या, उंदरानं कुरतडलेल्या, लग्नाच्या, कीर्तनाच्या, इंग्रजी शिका घरबसल्याच्या. बऱ्याचशांवर माझंच अक्षर. चार कॅसेटींवर ते गाणं लिहिलेलं सापडलं. दोन बिनदुधाच्या निघाल्या, एकीची पट्टी तुटलेली होती, आणि चौथीवर कोणीतरी नंतर मुलाचे पाढे भरून ठेवले होते. बे एके बे ऐकत मी तसाच बसलो. शेठ येऊन म्हणाला, "भाऊ, अठे काय करी ऱ्हायना? चाल, वांगी उतरनी." मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

सर सगळ्यात उशिरा आले. हातात तक्त्याची फाइल. जेवणं व्हायच्या आधी त्यांनी विसावा ते दुसरा असे नंबर वाचून दाखवले, त्यात तीन भांडणं आणि एक सभात्याग झाला. मग पहिला नंबर. सरांनी आवाज खाली आणला, खिशातून रुमाल काढला, रुमालात कॅसेट. त्यांच्या चिठ्ठीला असायच्या तशाच रुमालाला चार घड्या. "मूळ प्रत," ते म्हणाले. "भाऊंच्या दुकानातून पहिल्याच दिवशी घेतलेली. मी ती मोजून वापरलेली आहे."

पहिल्याच दिवशी. म्हणजे माझ्या मूळ कॅसेटवरून थेट उतरवलेली. शेठनं आणलेल्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये ती घातली तेव्हा मी तिथून हललो नाही. गाणं सुरू झालं, थोडं घरघरत, पण सुरात. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तालवाद्यं थांबली.

आणि साठ माणसं हात वर करून, बेंबीच्या देठापासून ओरडली, "अरे भाऊ, बठ्ठं दूध उतू गयं! आते पी तुनं गानं!"

टेपमधलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही. लोक टाळ्या पिटत होते, भाकऱ्या थापणाऱ्या बायका हसत होत्या, आणि मी ओरडलो, "गप बसा! गप बसा बठ्ठे!"

कोणीतरी गाणं बंद केलं. मी कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे सगळे चरकलेच. मग मी सांगितलं. स्टूल, गोधडी, नळ, पातेलं. कंपनीनं खान्देशासाठी काहीही काढलेलं नाही, कंपनीला खान्देश कुठे आहे हेही ठाऊक नसेल, ती माझी माय आहे. तिचा आवाज माझ्याकडे नाही, आणि मला तो एकदा ऐकायचा आहे. एवढं बोलून झाल्यावर मला वाटलं, आता हे मला वांग्यांसोबत भाजणार.

साक्रीचा तो इंजिनीअर जमिनीकडे बघत होता. शेठनं बायकांना हातानं खुणावलं, त्यांनी भाकरी थापणं थांबवलं. सरांनी स्वतः खाली बसून पट्टी मागे घेतली. बटण दाबायच्या आधी ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "त्याच्या पुढेही थोडं आहे. मी हेडफोन लावून ऐकलेलं आहे. तुमचा आवाज असेल हे मात्र माहीत नव्हतं."

मला त्याचा अर्थ लागला नाही. गाणं सुरू झालं होतं. साठ माणसं ओठ मिटून उभी होती. एकानं तर बोट ओठावर ठेवलं होतं.

वाद्यं थांबली. माय आली. तोच आवाज, थोडा धापा टाकत, हंडा कडेवर असल्याचं कळत होतं. दूध उतू गयं म्हणताना रागावलेली, आणि पी तुनं गानं म्हणताना स्वतःच्याच बोलण्यावर हसायला आलेली. ती हसत होती हे मी तीस वर्षांत विसरून गेलो होतो. मला वाटलं होतं ती चिडली होती.

लगेच वाद्यं सुरू झाली आणि त्यांच्या मागे, लांबून, आतल्या खोलीतून आल्यासारखा एका पोराचा आवाज आला. त्या जागी आजवर नेहमी कोणीतरी ओरडत असायचं, म्हणून सरांशिवाय तो कोणी ऐकला नव्हता. मीही नाही, कॅसेटी उतरवताना मी आवाज बंद ठेवायचो.

"चूप बैस वं माय! तुना आवाज कोनले ऐकना शे?"

गाणं शेवटपर्यंत वाजलं. कोणी बंद केलं नाही. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळे नीट ठरवून दुसरीकडे बघत होते. कोणाला ऐकायचाय तुझा आवाज? हे मी तिला विचारलं होतं. आणि तिनं उत्तर म्हणून जन्मभर बोट ओठावर ठेवलं होतं.

सरांनी विचारलं, "पुन्हा लावू?"

"लावा," मी म्हणालो. "पण या वेळी ओरडा. तिच्यासोबत नको, तिचं बोलून झालं की ओरडा. जोरात."

त्यांना कळलं. सरांनी पट्टी मागे घेतली. शेठनं बायकांनाही जवळ बोलावलं. वाद्यं थांबली, माय बोलली, शेवटच्या शब्दाला हसली, आणि तिचं वाक्य संपलं तशी साठ माणसं एका सुरात ओरडली, की बठ्ठं दूध उतू गयं, पी तुनं गानं. मी सगळ्यात मोठ्यानं ओरडलो. आतल्या खोलीतला तो पोरगा काय म्हणाला, ते या वेळी कोणाला ऐकू आलं नाही.